उतईच्या बाजारात शिसं शोधताना

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की भंडारा, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव अशी स्टेशनं मागे टाकत अडीचशेच्या वर किलोमीटरांनी तुम्ही दुर्गला पोहोचता. गोंदियापर्यंत फलाटावर मराठी ऐकू येते. सालेकसा-दरेकसाचं जंगल ओलांडलं, की हळूहळू छत्तीसगढी कानावर पडू लागते. दुर्गला लागूनच भिलाई. सोव्हिएत रशियाशी 1955 मध्ये करार होऊन इथला पोलाद कारखाना उभा राहिला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. कामाच्या निमित्ताने सगळ्या देशातून माणसं आली, त्यांत मराठी कुटुंबंही होती. त्यामुळे इथे गणपती बसतात, संक्रांतीची हळदीकुंकवं होतात आणि पुरणपोळीला कुणी बिचकत नाही.

भिलाईच्या सेक्टरांमधून दक्षिणेकडे निघालात, की मरोद्याचा जलाशय लागतो. मग दोन्ही बाजूंना धानाची खाचरं सुरू होतात आणि अर्ध्या तासाच्या आत-बाहेर तुम्ही उतईत असता. नगरपंचायतीचं छोटं गाव. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथे असल्यामुळे देशभरातल्या जवानांना हे नाव ठाऊक आहे. पर्यटकांच्या यादीत मात्र उतई सापडणार नाही. तरीही आज आपण इथे फिरणार आहोत, एक धातू शोधत.

तुम्ही म्हणाल, भिलाईजवळ धातू शोधायचा म्हणजे लोखंडच! दल्ली-राजहराच्या खाणींतलं खनिज, कारखान्यातून निघणारे रेल्वेचे रूळ... इथे सगळे लोखंडाबद्दलच बोलतात. आपण शोधणार आहोत ते शिसं. ते कधी दिसत नाही, त्याचं नाव कुणी घेत नाही, पण गावातल्या दर चौथ्या-पाचव्या दुकानात ते हजर असतं. ते विषारी आहे हे आपण शाळेत शिकलो. मग ते इतक्या ठिकाणी का वापरतात? आणि आपल्या घरातल्या लहान मुलांना त्याची भीती किती? या दोन प्रश्नांसाठी हा फेरफटका.

नावाला फसू नका

सुरुवात शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानापासून करू. तुमच्या मुलाच्या दप्तरातली शिसपेन्सिल! तिच्यात शिसं नाही. कधीच नव्हतं. त्या काळ्या कांडीत ग्रॅफाइट आणि माती असते. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये बॉरोडेल इथे ग्रॅफाइट सापडलं, तेव्हा लोकांना ते शिशाचाच एक प्रकार वाटलं आणि ते नाव चिकटलं. आपणही ते मराठीत उचललं. तेव्हा मूल पेन्सिलीचं टोक चघळत असेल, तर शिशासाठी घाबरू नका. गंमत अशी, की ज्या वस्तूच्या नावात शिसं आहे तिच्यात ते नाही आणि ज्यांच्यात आहे त्यांच्या नावात त्याचा पत्ता नाही.

खरं शिसं कसं असतं? करडं, मऊ, नखाने ओरखडा उठेल इतकं. पाण्याच्या अकरा पटींहून जड. 327 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे साध्या चुलीवरही त्याचं पाणी होतं. लोखंडासारखं ते गंजून झडत नाही. या चार गुणांमुळे माणसाने हजारो वर्षं ते हाताशी ठेवलं. वाटेत जिथे जिथे ते भेटेल तिथे एकच प्रश्न विचारू : इथलं शिसं कोंडलेलं आहे, की मोकळं?

तराजूतलं शिसं

आठवडी बाजारात भाजीवालीच्या टोपलीशेजारी अजूनही कुठे कुठे लोखंडी वजनं दिसतात. काटे आता बहुतेक इलेक्ट्रॉनिक झालेत, पण अर्धा किलोचं एखादं वजन दिसलं तर उलटं करून पाहा. खाली एक खळगा असतो आणि त्यात करडा धातू भरलेला असतो. तेच शिसं. ओतीव लोखंडाचं वजन ग्रॅमला ग्रॅम अचूक बनत नाही, म्हणून खळग्यात शिसं कमी-जास्त करून ते नेमकं करतात. मग त्या मऊ शिशावर सरकारी निरीक्षक शिक्का ठोकतो. आपल्याकडे याला वैधमापन खातं म्हणतात, इकडच्या हिंदीत नापतौल विभाग. लोखंडावर हाताने शिक्का उठला नसता. दर दोन वर्षांनी ही तपासणी करून घ्यावी लागते.

जुन्या विजेच्या मीटरला आणि मालगाडीच्या डब्यांना तारेत अडकवलेलं शिशाचं सील असायचं, तेही याच कारणाने. चिमट्याने दाबलं की ठसा उमटतो आणि उघडल्याशिवाय पुसता येत नाही. हे शिसं कोंडलेलं आहे. वजन हाताळून कुणाला बाधा होत नाही, फक्त खाण्याआधी हात धुवावेत.

रिक्षाच्या सीटखाली

आता रस्त्यावरची एखादी ई-रिक्षा थांबवा. तुम्ही बसता त्या सीटखाली बहुधा 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतात. नव्या गाड्यांमध्ये लिथियम येऊ लागलंय, पण स्वस्तातल्या रिक्षा अजून शिशावरच चालतात. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते याने 1859 मध्ये ही बॅटरी शोधली. शिशाच्या पट्ट्या, दुसऱ्या बाजूला शिशाचा ऑक्साइड आणि मध्ये गंधकाचं आम्ल. एका कप्प्यातून दोन व्होल्ट मिळतात, सहा कप्पे जोडले की बारा. बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिशाचा असतो. म्हणजे चौघा प्रवाशांबरोबर एखाद्या माणसाच्या वजनाइतकं शिसंही प्रवास करत असतं!

घरचा इन्व्हर्टर, शेतातला ट्रॅक्टर, मोबाइल टॉवर, मोटारसायकल, सगळीकडे हीच बॅटरी. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक शिसं एवढ्या एका कामाला लागतं. बॅटरी मेली तरी आतलं शिसं मरत नाही. ते वितळवून पुन्हा नवी बॅटरी करता येते, कितीही वेळा. म्हणूनच दुकानदार जुनी बॅटरी परत घेऊन नव्या किमतीत सूट देतो. ती सूट म्हणजे तिच्या पोटातल्या शिशाची किंमत.

प्लास्टिकच्या डब्यात आहे तोवर हे शिसं कोंडलेलं आहे. डबा फुटला की गोष्ट बदलते. तिकडे नंतर येऊच.

दुरुस्तीवाले आणि दवाखाना

मोबाइल आणि टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा धूर येतो. तिथली चमकदार तार बहुधा कथील आणि शिशाची असते. कथील एकटं 232 अंशांना वितळतं, पण 63 भाग कथील आणि 37 भाग शिसं असं मिश्रण केलं, तर ते 183 अंशांनाच वितळतं. कमी उष्णतेत काम होतं, नाजूक भाग जळत नाहीत. धूर मुख्यतः त्या तारेतल्या राळेचा असतो. शिसं जातं ते बोटांवरून पोटात. म्हणून कारागिराने हात न धुता भजी खाऊ नयेत आणि बाळाला उचलू नये.

टायरच्या दुकानात चाकाच्या कडेला ठोकलेली करड्या धातूची चिमुकली पट्टी पाहा. चाक डगमगू नये म्हणून लावलेलं ते वजन पुष्कळदा शिशाचं असतं. तळ्यावर गेलात तर मासेमाराच्या जाळ्याच्या कडेला शिशाचे मणी दिसतील. जाळं झटकन बुडायला जड धातू हवा आणि पाण्यात गंजणारा नको.

आणि दवाखाना? दाताचा एक्स-रे काढताना तुमच्या छातीवर जड एप्रन ठेवतात, तोही शिशाचा. एक्स-रेच्या खोलीच्या दारातही शिशाचा पत्रा असतो. शिशाचा अणू इतका जड आणि गच्च असतो, की एक्स-रे त्याच्यात अडकून पडतात. जो धातू शरीरात गेला तर घात करतो, तोच बाहेर उभा राहून आपल्याला वाचवतो.

मारुती आणि पूल

गावच्या मारुतीच्या अंगावर केशरी शेंदूर असतो. छत्तीसगडात आणि एकूणच हिंदी मुलखात त्याला ‘चोला चढवणे’ म्हणतात. आपले अष्टविनायकही शेंदूरचर्चित. हा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड. तेलात कालवून लावला की तो हळूहळू घट्ट होतो आणि थरावर थर चढून मूर्तीला कवच बनतं.

आता रेल्वेचे जुने लोखंडी पूल आठवा. पोलादाला गंज लागू नये म्हणून वरच्या रंगाआधी जो तांबडा-केशरी हात देत, तोही हाच लाल ऑक्साइड. जवसाच्या तेलात कालवलेला! देवाच्या अंगावर कवच धरणारी आणि पुलाला गंजापासून राखणारी युक्ती एकच आहे. ज्या भागात पोलाद तयार होतं, तिथल्याच देवळात पोलादाचा जुना रखवालदार मारुतीच्या खांद्यावर बसलेला दिसतो.

इथे जरा सावध राहा. कुंकू वेगळं आणि शेंदूर वेगळा. आपलं जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीला चुना वगैरे लावून लाल करत, त्यात शिसं नसतं. शेंदूर मात्र देवापुरताच ठेवावा. तो रोज भांगात भरू नये, बाळाच्या कपाळी लावू नये आणि तीर्थप्रसादात पडू देऊ नये. सुकलेला थर कोंडलेला, पण पुडीतली भुकटी मोकळी. डोळ्यांत घालायच्या पारंपरिक सुरम्याचंही तसंच आहे. तो शिशाच्या खनिजापासून, म्हणजे गॅलेनापासून करतात. बाळाच्या डोळ्यात तो घालायला नकोच.

जिथून शिसं गेलं

काही ठिकाणांहून शिसं निघूनही गेलं आहे. पहिलं छापखान्यातून. शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणातून अक्षरांचे खिळे ओतत आणि कंपोझिटर ते एकेक करून जुळवत. मराठी मातृभाषेचे माधवराव सप्रे यांनी जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं. पुढे त्यांनी दासबोध आणि टिळकांचा गीतारहस्य हिंदीत नेला. त्या पिढीने जे जे वाचलं त्यातलं बहुतेक अशा खिळ्यांतूनच कागदावर उतरलं. खिळे जुळवणाऱ्यांना मात्र पोटशूळ, हाताचा लुळेपणा असे शिशाचे आजार जडत. आता अक्षरं पडद्यावर जुळतात.

दुसरं पेट्रोलमधून. इंजिनाने ठोके देऊ नयेत म्हणून 1921 मध्ये शिशाचं एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळण्याची युक्ती निघाली आणि जगभरच्या रस्त्यांवरच्या धुरात शिसं पसरलं. ते अगदी मोकळं शिसं होतं. श्वासात, धुळीत, मुलांच्या खेळण्यांवर. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं. 2021 मध्ये अल्जीरियाने असं पेट्रोल विकणं थांबवलं आणि ते जगातून संपलं. विसाव्या शतकात वाढलेल्या तुमच्या-माझ्या पिढीने जो धूर श्वासात घेतला, तो आज उतईच्या पेट्रोल पंपावर उभ्या असलेल्या मुलाच्या वाट्याला येत नाही.

तिसरं रंगातून. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम 2016 मध्ये झाला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचे रंग मात्र अजून दारं-खिडक्यांवर आहेत.

मुलांच्या अंगात ते काय करतं

शिशाला शरीरात काहीही काम नाही. लोह रक्ताला लागतं, जस्त लागतं, तांबंही थोडं लागतं. शिसं मात्र नुसतं घुसखोर. ते कॅल्शियमचं सोंग घेतं. शरीर फसतं आणि त्याला हाडांत जागा देतं. तिथे ते दशकानुदशकं राहतं. बाई गरोदर राहिली आणि हाडांतलं कॅल्शियम बाळासाठी निघू लागलं, की साठलेलं शिसंही निघतं.

लहान मुलं मोठ्यांपेक्षा चार-पाच पट शिसं शोषून घेतात. ती रांगतात, जमिनीवरचा हात तोंडात घालतात आणि त्यांचा मेंदू अजून घडत असतो. आणखी वाईट म्हणजे लक्षणं ठळक नसतात. पोट दुखणं, बद्धकोष्ठता, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणं. आपण म्हणतो, ‘हट्टी आहे’, ‘डोक्याने जरा मंद आहे’. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही. 2020 मध्ये युनिसेफच्या अहवालाने जगातल्या तीनपैकी एका मुलाच्या रक्तात, म्हणजे सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात, डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं असल्याचा अंदाज दिला. त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली. नीती आयोग आणि सीएसआयआर यांच्या 2022 च्या अहवालात जास्त पातळी असलेल्या राज्यांच्या यादीत छत्तीसगडही होतं.

मघाशी फुटलेल्या बॅटरीचं सांगायचं राहिलं होतं. सेनेगलमध्ये डाकारजवळ थियारॉय नावाची वस्ती आहे. तिथल्या बायका जुन्या बॅटऱ्यांची माती चाळून शिसं वेचत आणि विकत. मुलं पाठीशी, नाहीतर त्याच मातीत. नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 या काळात तिथे 18 मुलं दगावली. आया पोटासाठी राबत होत्या. त्या चाळलेल्या मातीत काय आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हळदीची एक चांगली गोष्ट

हे वाचून हात-पाय गाळू नका. बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिला लेड क्रोमेट नावाचा रंग चोळत. 2019 मध्ये संशोधकांनी हे उघड केलं. सरकारने बातम्या दिल्या, बाजारात जागच्या जागी तपासण्या केल्या, दंड केले. 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं, 2021 मध्ये ते शून्यावर आलं. कामगारांच्या रक्तातलं प्रमाणही उतरलं. दोन वर्षांत! नवं यंत्र नाही, महागडं औषध नाही. मोकळं शिसं कुठून येतं ते शोधलं आणि ती वाट बंद केली.

तुमच्या घरी काय कराल?

उतईत असा, उल्हासनगरात असा की उमरेडला, यादी तीच.

इन्व्हर्टरची किंवा गाडीची जुनी बॅटरी अंगणात फोडायला देऊ नका, दारावरच्या भंगारवाल्यालाही देऊ नका. 2022 च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावणं ही उत्पादकांची जबाबदारी आहे. ती नवी घेताना दुकानातच परत करा.

जुना रंग कोरडा खरवडू नका. आधी ओला करा, मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा. झाडूने धूळ उडते.

हळकुंडं आणून घरी किंवा ओळखीच्या गिरणीत दळून घ्या. फार झगमगीत पिवळं हळकुंड दिसलं तर दुकान बदला.

पितळी भांड्यांना कल्हई करून घेताना शुद्ध कथील मागा. स्वस्त कल्हईत शिसं मिसळलेलं असू शकतं आणि आंबट वरण, ताक ते विरघळवतं. कथिलाचं भारतातलं खनिज बस्तरकडे, दंतेवाड्याच्या बाजूला मिळतं. म्हणजे शिशाला पर्याय देणारा धातूही छत्तीसगडचाच!

खेळण्यावर आयएसआयची खूण पाहा. जानेवारी 2021 पासून ती सक्तीची आहे.

बॅटरी, सोल्डरिंग, रंगकाम किंवा भंगारात काम करणारं घरात कुणी असेल, तर घरी येताच आधी आंघोळ, कपडे वेगळे धुवायचे आणि मगच मुलांना जवळ घ्यायचं. अशा घरातल्या मुलांची रक्तातल्या शिशाची तपासणी डॉक्टरांना विचारून जरूर करून घ्या.

आणि शेवटचं, सगळ्यांत सोपं. पोटात लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. उपाशी पोटीही तसंच. म्हणून मुलांना वेळेवर खाऊ घाला. उतईच्या बाजारातून निघण्याआधी पिशवीत लाल भाजीची जुडी आणि मुनग्याच्या, म्हणजे आपल्या शेवग्याच्या, चार शेंगा टाका. घरी तीळ आणि नाचणी असेलच. एवढं करून मुलाचे हात साबणाने धुतलेत, की तुमच्या वाट्याचं बरंचसं काम झालं.